साठ कार्डांचं शुद्धिपत्र

पॉडकास्ट म्हणजे काय हे मुग्धाने मला चार वेळा समजावून सांगितलं आणि चारही वेळा मी "अच्छा" म्हटलं. आजही कुणी विचारलं तर मी सांगते की तो रेडिओसारखा कार्यक्रम असतो, पण रेडिओवर लागत नाही. त्यापुढे माझी गाडी जात नाही. तरीही त्या पॉडकास्टसाठी मी कॉफीचे मग छापले, टी-शर्ट छापले, कार्डं छापली, आणि त्याच कामात माझ्या प्रेसवर पस्तीस वर्षं काम केलेला माणूस घालवला. या अंकाच्या संपादकांनी "छपाईच्या धंद्यातले गमतीदार अनुभव लिहा" असं कळवलं. गंमत आहेच. ती सगळ्यांना सारखी वाटली नाही, एवढंच.

आमची प्रेस नारायण पेठेत. सासऱ्यांनी सुरू केलेली. नवऱ्याला शाईच्या वासाने डोकेदुखी व्हायची, म्हणून तो बँकेत गेला आणि मी प्रेसवर बसले. पुस्तकं वगैरे छापण्याइतके आम्ही मोठे कधीच नव्हतो. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, बिलबुकं, गॅदरिंगच्या प्रवेशिका, असली फुटकळ कामं. या फुटकळ कामांचा प्राण म्हणजे नंबर. पावतीपुस्तकात एक नंबर दोनदा पडला तर मंडळाच्या सभेत खुर्च्या उडतात. तो नंबर टाकायला मशीनमध्ये एक लोखंडी डबी बसवतात. तिच्या पोटात आकड्यांची चाकं असतात, कागदावर एकदा दाबली की आकडा एकाने पुढे सरकतो. ऐकायला सोपं आहे. डबीत शाई साचली, चाक अडलं, की ती तुमच्या देखत खोटं बोलायला लागते आणि तुम्हाला पत्ता लागत नाही.

आमची डबी सांभाळायचे गायकवाडमामा. हडपसरहून बसने यायचे, चष्मा काळ्या दोरीने गळ्यात अडकवलेला. मुलीच्या लग्नासाठी मामांनी एकदा आठ दिवस रजा घेतली, तेव्हा एका संस्थेच्या नाटकाच्या प्रवेशिका मी स्वतः छापल्या. नाटकाच्या दुसऱ्याच दिवशी दोन पेन्शनर गृहस्थ एकत्रच प्रेसवर आले. दोघांच्या हातात प्रवेशिका, दोन्हींवर एकच आसन क्रमांक. तीन अंकी नाटक एकाने खुर्चीवर आणि दुसऱ्याने खुर्चीच्या हातावर बसून पाहिलं होतं, कारण माघार कुणालाच घ्यायची नव्हती. त्यातले एक म्हणाले, आम्ही भांडायला आलो नाही, आपली कला पाहायला आलो आहोत. त्यानंतर मी त्या डबीला हात लावला नाही.

नव्वदनंतर गावाची तब्येत बदलली. बिलबुकं कॉम्प्युटरवर गेली, पत्रिका दुकानातून तयार मिळू लागल्या. मी पोटमाळ्यावर स्क्रीन प्रिंटिंगचं टेबल टाकलं आणि हिंजवडीच्या कंपन्यांचे टी-शर्ट छापायला लागले. स्क्रीन प्रिंटिंग म्हणजे लाकडी चौकटीवर ताणलेलं जाळीचं कापड. त्यावर चित्र उमटवायचं आणि रबरी पट्टीने शाई खाली ढकलायची. एका कंपनीने "आपण सारे एक कुटुंब" असं इंग्रजीत छापून घेतलं. टेम्पोबरोबर मी स्वतः माल पोचवायला गेले. ट्रॅफिकमधून तीन तासांनी फाटकाशी पोचले तर ज्या खात्यासाठी ते शर्ट होते ते खातं त्याच सकाळी बंद झालेलं. माल मात्र सही करून घेतला. पुढच्या खेपेला गेले तेव्हा फाटकावरचे चारही वॉचमन त्या कुटुंबात होते. या नव्या जगाला नेमकं काय हवंय हे आपल्याला कळत नाही, हे मी तेव्हापासून मान्य करून टाकलं.

मग मुग्धा आली. चाळिशीच्या जवळची, बारीक, सतत पाठीवर लॅपटॉप. हिंजवडीतली अकरा वर्षांची नोकरी तिने सोडली होती आणि पटकथालेखनावर पॉडकास्ट सुरू केला होता. म्हणजे सिनेमा पडद्यावर यायच्या आधी कागदावर कसा लिहायचा, हे ती दर आठवड्याला बोलून सांगायची. मी साहजिकच विचारलं, तुमचा सिनेमा कोणता. ती म्हणाली, अजून एकही नाही. मग ऐकतं कोण? ज्यांनी अजून एकही लिहिलेला नाही, ते. मला वाटलं थट्टा करते आहे. तिचा चेहरा थट्टेचा नव्हता.

ऐकायला पैसे पडत नाहीत, म्हणून तिला काही मिळतही नाही. त्यावर तोड अशी की ऐकणाऱ्यांनी पॉडकास्टच्या नावाच्या वस्तू विकत घ्यायच्या आणि त्यावर पॉडकास्ट चालायचा. तिने स्वतःला वर्षअखेरपर्यंतची मुदत दिली होती. जमलं तर ठीक, नाहीतर पुन्हा कंपनीची बस. हे सांगताना ती हसली, पण मी बायकांची अशी हसणी पुष्कळ पाहिली आहेत.

पहिलं काम मगांचं. त्यावर ओळ होती, "पहिला खर्डा वाईटच असतो". आपल्याला वाईट म्हणणारा कप माणूस स्वतःहून का विकत घेईल, हे मला कळेना. मामांनी तो कप उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "ताई, ह्ये वाचून च्या कसा उतरंल घशाखाली?" पण कप खपले. टी-शर्टही खपले. मी तिचा एक कार्यक्रमही ऐकला. नायकाने दार उघडून आत यावं की दार आधीच उघडं असावं, यावर दोन माणसं तासभर बोलत होती. शेवटी काय ठरलं ते मला समजलं नाही. गॅसवरची भाजी मात्र तेवढ्यात लागली.

त्यानंतर कार्डांचं काम आलं. जाड कार्ड, पोस्टकार्डापेक्षा थोडं मोठं, त्यावर तीनच शब्द आणि पुढे रिकाम्या रेघा. कुठे, केव्हा, काय. एका पाकिटात साठ कार्डं, अशी तीनशे पाकिटं. तिने प्रूफ पाहिलं, पास केलं आणि गेली. आता आमच्या धंद्यात ज्या कागदावर रिकाम्या रेघा असतात तो फॉर्म असतो, आणि फॉर्मला नंबर असतो. बिननंबरी फॉर्म म्हणजे रद्दी. मुलगी धडपडते आहे, आपल्याकडून काहीतरी जास्त द्यावं, असं माझ्या मनात आलं. मी मामांना सांगितलं, वर उजव्या कोपऱ्यात नंबर टाका, एक ते साठ. त्यांनी टाकले. नंबर नेहमी सगळ्यात शेवटी पडतात, त्यामुळे प्रूफात ते नव्हतेच.

हे काम किती किचकट ते सांगते. डबी आपोआप पुढे सरकते, मागे येत नाही. साठ झाले की मशीन थांबवायचं, सुईने चाकं फिरवून पुन्हा एकवर आणायची. असं तीनशे वेळा. मामांना तीन दिवस लागले. मग त्यांनी पाकिटं स्वतः लावली आणि प्रत्येक पाकीट पत्त्यांसारखं फरकन सोडून नंबर तपासले.

मुग्धाने काउंटरवर पहिलं पाकीट फोडलं आणि ती बघतच राहिली. मग तिने एक पाकीट जमिनीवर मांडून दाखवलं. सिनेमाचं एकेक दृश्य एकेका कार्डावर लिहायचं. सगळी कार्डं फरशीवर पसरायची. मग चाळिसावं उचलून चौथ्याच्या जागी ठेवून बघायचं, दहावं शेवटी न्यायचं. "दृश्यं हलवता यावीत म्हणूनच तर कार्डं असतात काकू," ती म्हणाली. "नाहीतर वहीत लिहिलं नसतं का?"

मला आयुष्यात पहिल्यांदा तिचं काहीतरी पुरतं समजलं. अठरा हजार कार्डांवर मी अशा जागी नंबर ठोकले होते जिथे नंबर नसणं हाच मुद्दा होता. शनिवारी तिचा एका चित्रपट महोत्सवात स्टॉल होता आणि तो दिवस होता गुरुवार.  मामा तीन पावलांवर रॉकेलच्या फडक्याने रोलर पुसत उभे होते. मी म्हणाले, "आमच्या मामांची सवय हो. हातात कागद आला की नंबर टाकतात."

मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग ते पुन्हा रोलर पुसायला लागले.

असं का बोलले याला मी पुष्कळ कारणं जोडून पाहिली. सासऱ्यांच्या वेळेपासून गिऱ्हाइकासमोर चूक कामगाराची असायची, पुढे आत जाऊन त्याची समजूत घालायची, अशी रीतच होती. पण खरं कारण शरम. आणि समजूतही मी घातली नाही, कारण मामा काही बोलले नाहीत. न बोलणाऱ्या माणसाला काही झालेलं नसतं, असं धरून चालणं फार सोयीचं असतं.

कोपरे गोल कापायच्या मशीनवर नंबर उडवता येतील, असं मी सुचवलं. पण वेळ नव्हता. मुग्धा मामांकडे बघून हसली आणि म्हणाली, राहू दे, मी काहीतरी करते.

तिने काय केलं ते मला पुढच्या आठवड्यात कळलं. तिने स्टॉलच्या आदल्या दिवशी तो किस्साच पॉडकास्टवर सांगितला. नारायण पेठेत एक मामा आहेत, त्यांना जगातल्या प्रत्येक वस्तूला नंबर लागतो, आणि त्यांनी आपल्या कार्डांचं काय केलं ते ऐका. ती गोष्ट सांगायची तर झकास. स्टॉलवर लोक "मामांची कार्डं" मागायला लागले. लिहायला बसल्या बसल्या जो सगळं आधीच ठरवून टाकतो त्याला ती मंडळी "मामा" म्हणायला लागली. ज्या पॉडकास्टला वर्षअखेर बघायला मिळते की नाही अशी धास्ती होती, तो चुकीच्या नंबरांवर तरला. तिने पाठवलेली लिंक मी स्वयंपाकघरात ऐकली. आणि मला हसू आलं. मी खरोखर हसले, ओट्याला टेकून. आज ते आठवलं की कुठे तोंड लपवावं असं होतं.

मामांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांच्याकडे साधा फोन होता, तोही सूनच लावून द्यायची.

महिन्याभरात नवी ऑर्डर आली. दोनशे टी-शर्ट. चित्रात एक म्हातारा, गळ्यात दोरीचा चष्मा, हातात नंबरची डबी, आणि खाली ओळ, "मामा, नंबर नको". मी ऑर्डर नाकारायला हवी होती. मुग्धाला सांगायला हवं होतं. पण सांगायचं तर आधीचं खोटं उकरावं लागणार, आणि ती एवढ्या आनंदात होती की काकू, जमणार बहुतेक, म्हणून पेढे घेऊन आलेली. मी ऑर्डर घेतली. शर्ट पोटमाळ्यावर, मी स्वतः छापायला घेतले. मामांना गुडघ्यामुळे जिना चढवत नसे, हे मी जमेस धरलं होतं.

साठ-सत्तर शर्ट दोरीवर वाळत होते तेव्हा मामा वर आले. खाली वीज गेली होती, वर आहे का विचारायला. जिन्याचा कठडा धरून ते त्या शर्टांच्या रांगेखाली उभे राहिले. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. त्या चित्रात होता तसाच, त्याच दोरीचा.

"ह्यो मीच का, ताई?"

मी म्हणाले, "नाही हो मामा, असंच कुणाचं तरी चित्र आहे." म्हणजे दुसऱ्यांदा खोटं.

ते खाली गेले. वीज आल्यावर हातातलं काम पुरं केलं, डबी रॉकेलमध्ये धुतली, मशीनवर कापड घातलं आणि पाचला निघाले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्याही नाहीत. पस्तीस वर्षांत न कळवता त्यांनी एक दिवस खाडा केला नव्हता. सुनेला फोन केला तर ती म्हणाली, बरे हायेत, पडून असतात. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो पेपर बाजूला न ठेवता म्हणाला, यात न कळण्यासारखं काय आहे ते मला कळत नाही. बँकेतली माणसं अशा वेळी फार स्पष्ट बोलतात.

मी कोथरूडला मुग्धाच्या घरी गेले. ती कपड्यांच्या कपाटात गोधड्या टांगून आत बसून बोलायची. आवाज घुमू नये म्हणून. एवढी माणसं जिला ऐकतात ती बाई कपाटात बसते, हे पाहून मी आणखीच गोंधळले. तिथेच स्टुलावर बसून मी तिला सांगितलं की नंबर मी टाकायला लावले होते. मामांचं नाव मी घेतलं, कारण माझी हिंमत झाली नाही.

 तिला वाटत होतं मामाही या गमतीत सामील आहेत. मग तिने विचारलं, छापलेले शर्ट किती, आणि म्हणाली ते द्या, पुसायला वापरीन, बाकीचे छापू नका. "पण काकू, लोकांच्या कानात गेलेलं परत कसं काढायचं?"

तिच्या धंद्यात याला उत्तर नव्हतं. माझ्या धंद्यात आहे. छापून झालेल्या मजकुरात चूक सापडली की आपण एक छोटी चिठ्ठी छापतो, शुद्धिपत्र, आणि प्रत्येक प्रतीत घालतो. चूक काय, बरोबर काय. पुण्यात ती चिठ्ठी आधी वाचून मग पुस्तक उघडणारे लोक आहेत. मी म्हणाले, उरलेल्या पाकिटांत शुद्धिपत्र घालू, आणि तू ते तुझ्या कपाटातून वाच. गंमत गेली की खपही जाईल हे तिला कळत होतं, मलाही कळत होतं. तिने हो म्हटलं. तो पॉडकास्ट पुढे सहा-सात महिने चालला आणि थांबला. मुग्धा आता पुन्हा हिंजवडीला जाते. माझ्यामुळे, की तो थांबणारच होता, ते मला सांगता येत नाही. ती म्हणते, तुमच्यामुळे नाही. मला तिच्या म्हणण्यावर विश्वास ठेवावासा वाटतो, ही गोष्ट वेगळी.

शुद्धिपत्राचा मजकूर मी स्वतः केला. "या पाकिटातील कार्डांवर क्रमांक छापले जाण्याची चूक प्रेसच्या मालकिणीची आहे. मशीन चालवणाऱ्या कामगारांची नाही." ज्याच्याविषयी मजकूर आहे त्याने प्रूफ पाहिल्याशिवाय आम्ही छापत नाही. म्हणून ते प्रूफ घेऊन मी हडपसरला गेले. इतक्या वर्षांत मामांच्या घरी मी दुसऱ्यांदा जात होते. पहिल्यांदा मुलीच्या लग्नाला.

दोन खोल्या, भिंतीवरच्या फळीवर बुद्धाची मूर्ती, स्वच्छ. मामा पलंगावर बसले होते. सुनेने चहा ठेवला. मी तयारी करून गेले होते, पण बोलण्याऐवजी प्रूफच पुढे केलं. मामांनी चष्मा लावला आणि प्रेसवर वाचायचे तसं, प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवत वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"काना-मात्रा बरोबर हाय," ते म्हणाले. मग कागद मांडीवर ठेवून हळू आवाजात म्हणाले, "पर म्या इचारलं व्हतं, ताई. ते ह्यात नाय."

त्यांनी विचारलं होतं. मी नंबर टाका म्हणाले तेव्हा मामांनी डबी हातात घेऊन विचारलं होतं की ताई, त्या बाईंनी नंबर मागितलेत का, एकदा फोन करून बघता का. आणि मी म्हणाले होते, मामा, तुम्ही मशीन चालवा. हे शुद्धिपत्रात मी लिहिलं नाही. वर तो दिवस सांगताना "त्यांनी टाकले" एवढंच लिहिलं, तेव्हाही हात तिथून तसाच पुढे सरकला. ते आता खोडून दुरुस्त करत नाही. कसा सरकतो ते दिसू दे.

मी पर्समधून पेन काढलं आणि त्यांच्या देखत खाली लिहिलं, "त्यांनी आधी विचारले होते, मालकिणीने ऐकले नाही." मामांनी तेही बोट ठेवून वाचलं. प्रूफ पास झालं की गिऱ्हाईक कोपऱ्यात "छापावे" लिहून सही करतं. मामांनी माझ्याच पेनाने "छापावे" लिहिलं आणि सावकाश सही केली.

निघताना मी विचारलं, सोमवारी येताय ना. ते म्हणाले, आता नगं, गुडघं चालंना. मग मला वाईट वाटू नये म्हणून असेल, दारापर्यंत येत म्हणाले, "नंबरचं काम आलं तर सांगा. तेवढं करून जाईन."

नंबरचं काम पुढे आलंच नाही, असं मी लोकांना सांगते. आलं होतं, दोनदा. एकदा एका मंडळाच्या पावत्या आणि एकदा हळदीकुंकवाच्या सोडतीची कुपनं. दोन्ही मी बाहेर कॉम्प्युटरवर करून घेतली. फोन हातात घेतला होता. काय बोलायचं ते सुचलं नाही.